सायकल क्लबात जायचंय, पण मागे पडायची भीती वाटते

संथगती

नमस्कार मंडळी. आठ महिन्यांपूर्वी गिअरची हायब्रिड सायकल घेतली. आठवड्यातून तीन-चारदा एकटीच जाते, बहुतेक वेळा २० किमी, सुट्टीला कधी ३०. सरासरी वेग १६-१७ च्या वर जात नाही आणि चढावर तर ८-९ वर येते. वय ४४.

गेल्या महिन्यात पहाटे एका सिग्नलला एक ग्रुप शेजारी येऊन थांबला, दहा-बारा जण असतील. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, "एकट्याच का जाता? या की आमच्यात." क्लबचं नाव सांगितलं. सिग्नल सुटल्यावर मी जेमतेम दोनशे मीटर त्यांच्यामागे राहू शकले, मग ते दिसेनासे झाले. पण ते दोनशे मीटर अजून डोक्यातून जात नाहीत. इतक्या चाकांचा आवाज एकत्र येतो तो मी आधी कधी ऐकलाच नव्हता.

क्लबचं पान उघडलं तर सगळे फोटो घट्ट जर्सी आणि रोड बाईकवाल्यांचे. राईडच्या सूचनेत लिहिलंय, "पेस मध्यम". मध्यम म्हणजे किती? आपल्यामुळे दहा माणसं थांबून राहणार ही कल्पनाच नको वाटते. तुमच्यापैकी कुणी माझ्यासारख्या वेगाने क्लबात गेलंय का? गेलात तेव्हा काय झालं? खरं सांगा, धीर देण्यासाठी नको.

नुसतीवाचक

अगदी हाच प्रश्न मला दोन वर्षांपासून पडलाय. वाचतेय.

उलटावारा

संथगती, मी सात वर्षं एका क्लबच्या रविवारच्या राईड नेतोय, त्या बाजूने लिहितो.

आधी "मध्यम" बद्दल. हा शब्द प्रत्येक क्लबात वेगळा असतो, त्यामुळे त्यावर जाऊ नका. सरळ आकडा विचारा: सपाट रस्त्यावर किती वेगाने चालता? पूर्ण राईडची सरासरी विचारली तर फसगत होते, कारण ज्या ग्रुपची सरासरी २२ असते तो सपाटीवर २७-२८ ने पळत असतो. चढ, सिग्नल, वळणं यांत सरासरी खाली येते. तुमची १६-१७ ही पण अशीच सरासरी असणार. म्हणजे सपाटीवर तुम्ही २० च्या आसपास चालवत असाल. वेग दाखवणाऱ्या घड्याळावर एकदा बघा, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा आकडा चांगला निघेल.

दुसरं विचारायचं ते हे, की राईड कुणाला मागे टाकत नाही अशी आहे का. बहुतेक क्लबांत दोन्ही प्रकार असतात. एकात जो सुटला तो सुटला, त्याने आपापलं घरी यायचं. यात वाईट काही नाही, फक्त ते आधी सांगितलेलं असावं. दुसऱ्यात पुढे एक लीड, मागे एक स्वीप, आणि स्वीपच्या मागे कुणी राहायचं नाही. तुम्ही अर्थातच दुसरीत जायचं.

आता जरा सविस्तर लिहितो, कारण नवीन माणसाला हे कुणी सांगत नाही. हळू चालवणारा माणूस संकोचाने आपणहून सगळ्यात शेवटी जाऊन उभा राहतो. ती त्याच्यासाठी सगळ्यात वाईट जागा आहे. रांग रबरासारखी असते. पुढच्याने नुसतं पायडल मारणं थांबवलं की त्याच्या मागचा ब्रेकला बोट लावतो, त्याच्या मागचा जरा जोरात दाबतो, आणि शेवटचा जवळजवळ थांबतो. पुढचा पुन्हा निघाला की हेच उलट्या दिशेने होतं: दर वळणाला, दर सिग्नलला शेवटच्याला अंतर भरून काढायला पळावं लागतं. लीड २२ ने अगदी आरामात चालला असेल तेव्हा शेवटचा कधी १५, कधी २८ करत असतो. ४० किमीमध्ये असं पन्नास वेळा झालं की सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाने सगळ्यात जास्त काम केलेलं असतं. मग तो म्हणतो, मला नाही झेपत. झेपलं असतं हो, जागा चुकली.

म्हणून तुमची जागा दुसरी किंवा तिसरी, लीडच्या लगेच मागे. लीडला आधीच सांगून ठेवा. शहाणा लीड तुम्हाला बघून वेग ठरवतो. रांग तुटायची भीतीही मग राहत नाही, कारण ती तुमच्या मागे असते.

चढावर मात्र प्रत्येकाने आपापल्या दमाने जायचं, माथ्यावर सगळ्यांनी जमायचं. तिथे कुणी कुणासाठी हळू चालवू नये. चढावर आपल्याला न सोसणाऱ्या संथ लयीत अडकून राहणंही त्रासाचं असतं.

एकलासायकली

थोडं वेगळं मत मांडतो. मी बारा वर्षं एकट्याने चालवतोय, दोनदा क्लबात जाऊन बाहेर पडलो. ग्रुपमध्ये नजर कायम पुढच्या चाकावर असते. मी ज्यासाठी बाहेर पडतो ते, म्हणजे झाडं, पक्षी, रस्त्याकडेचं पाणी, त्यातलं काहीच दिसत नाही. मनात आलं की थांबता येत नाही. निघायची वेळ दुसऱ्याने ठरवलेली. संथगतीताई, एकट्याने ३० किमी जाता हे कमी नाही. क्लबात गेलं म्हणजेच सायकलिंग असं मानू नका.

एक कबूल करतो. हल्ली रस्त्यावर एकटा सायकलस्वार गाड्यांना दिसतच नाही अशी अवस्था आहे. दहा जण एकत्र असले की गाडीवाला वेग कमी करतो. तेवढ्यासाठी मलाही कधी कधी ग्रुप हवासा वाटतो.

शिक्षक_भौतिक

ड्राफ्टिंगचा, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने चालवण्याचा, विषय अजून निघाला नाही म्हणून लिहितो. वर्गात शिकवायला मला हे उदाहरण फार आवडतं.

सपाट रस्त्यावर, साधारण १५-२० च्या पुढे, सायकलस्वाराचं मुख्य भांडण हवेशी असतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. २० चे ३० केलेत तर वेग दीडपट होतो, हवेचा विरोध सव्वादोन पट होतो, आणि हवेपायी खर्च होणारी शक्ती तिपटीहून जास्त. म्हणून १८ चा माणूस आणि २७ चा माणूस यांच्यातलं अंतर फक्त जिद्दीने भरून निघत नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, घनाचं गणित आहे ते.

पुढच्याच्या मागे हवेचा एक पोकळ पट्टा तयार होतो, त्यात शिरलं की हा खर्च वाचतो. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रस्त्यावर चालणाऱ्या सायकलस्वारांचा ऑक्सिजनचा वापर मोजला होता. एका सायकलस्वाराच्या मागे राहिल्याने ताशी ३२ किमीला सरासरी १८ टक्के बचत झाली, ४० ला सुमारे २७ टक्के, आणि आठ जणांच्या घोळक्यामागे ३९ टक्के.

आता नवीन माणसाच्या कामाची गोष्ट. हा फायदा वेगाबरोबर वाढतो, म्हणजेच कमी वेगाला तो थोडा असतो. १८-२० च्या राईडमध्ये पुढच्याच्या चाकाला वीतभर अंतरावर चिकटून मिळतं फार थोडं आणि धोका मात्र पुरता. ताशी २५ ला तुम्ही सेकंदाला जवळजवळ ७ मीटर जाता. पुढच्याने ब्रेक मारलेला दिसून आपलं बोट ब्रेकवर दाबेपर्यंत अर्धा सेकंद जातोच, तेवढ्यात साडेतीन मीटर गेले. तेव्हा सुरुवातीचे काही महिने दोन सायकलींएवढं अंतर ठेवा, कुणी काही म्हणो. उतारावर त्याहून जास्त.

फक्त एकच नियम पाठ करायचा असेल तर हा करा: आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही येऊ द्यायचं नाही. तो जरा सरकला आणि चाकं घासली तर पुढच्याला बहुधा काही होत नाही, मागचा पडतो. कारण तोल सांभाळायचं काम पुढच्या चाकाचं असतं आणि तेच अडकलेलं असतं.

पिवळीसायकल

खरं सांगा म्हणालात म्हणून सांगते.

मी तीन वर्षांपूर्वी एका क्लबात गेले होते. नाव घेत नाही. राईडच्या सूचनेत "सर्वांसाठी" असं लिहिलेलं होतं. ५० किमी, मध्ये एक मोठा चढ. पहिले १५ किमी मजेत गेले, लोक बोलके होते. चढावर मी शेवटची राहिले, ते अपेक्षितच होतं. वर पोचले तेव्हा सगळे सायकलींना टेकून उभे होते, कुणी फोटो काढत होतं. मला बघून टाळ्या वाजवल्या. आणि मी पाय जमिनीला लावायच्या आत कुणीतरी म्हणालं, "चला, आल्या त्या." सगळे निघाले.

त्यांची वीस मिनिटं विश्रांती झाली होती. माझी शून्य. पाण्याची बाटली काढायलाही वेळ मिळाला नाही. पुढच्या चढावर पायात गोळे आले. त्या वेळी स्वीप नव्हताच, किंवा असला तरी पुढे निघून गेला होता. चुकीच्या फाट्याला वळले, फोनला रेंज नाही. घरी पोचले ती दुपारी. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले, खाली लिहिलेलं, "सगळ्यांनी पूर्ण केली." मी त्यात होते की नाही हे कुणी बघितलं नव्हतं.

टाळ्या वाजवणारी माणसं वाईट नव्हती. पण शेवटच्या माणसाला थांबायला मिळतं का, हे त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नाही. त्यानंतर सायकल दीड वर्ष गॅलरीत उभी होती. आता पुन्हा चालवते, एकटीच.

म्हणून संथगती, तुम्ही वेगाचा आकडा विचारा, स्वीप आहे का विचारा, आणि हेही विचारा: शेवटचा माणूस पोचल्यावर तुम्ही किती वेळ थांबता? याचं उत्तर द्यायला ज्यांना विचार करावा लागेल त्यांच्याकडे जाऊ नका.

नुसतीवाचक

पिवळीसायकल, वाचून फार वाईट वाटलं. लिहिलंत ते बरं केलंत.

उलटावारा

पिवळीसायकल, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. आमच्याकडे स्वीप असतो, चढावर थांबतो, कुणाला एकटं सोडत नाही. पण शेवटचा आल्यावर लगेच निघणं? ते आम्ही गेली सात वर्षं करत आलोय. "आले का सगळे? चला." हे माझंच वाक्य आहे. अंग थंड पडतं, ऊन चढतं, लोकांना घाई असते, ही कारणं आहेत, पण ती थांबलेल्यांची आहेत. नुकत्याच आलेल्या माणसाचं त्यात काही नाही.

आजच आमच्या सगळ्या लीड मंडळींना लिहिलंय: शेवटचा सायकलवरून उतरल्यापासून दहा मिनिटं मोजायची. ज्यांना थंडी वाजेल त्यांनी थोडं खाली जाऊन पुन्हा वर यावं, व्यायामच होईल.

साठीनंतर

मी ६१ व्या वर्षी क्लबात गेलो, आता ६६ चालू आहे. माझ्या वयाचं तिथे कुणी नव्हतं. मुलाच्या वयाच्या पोरांनी सांभाळून घेतलं. पहिल्याच राईडला एका पोराने मला थांबवून सीट चार बोटं वर केली. टाच पायडलवर ठेवायची, पायडल सगळ्यात खाली न्यायचं, पाय सरळ व्हायला हवा, ही त्याची खूण. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. वर्षभर माझा गुडघा दुखत होता तो महिन्याभरात थांबला. एकट्याने चालवत राहिलो असतो तर मला हे कळायला कोण होतं?

ग्रुपमधल्या खुणा क्लबाप्रमाणे थोड्या बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी विचारून घ्यावं. आमच्याकडे खड्डा असेल त्या बाजूला बोटाने जमिनीकडे दाखवतात, उभी गाडी वा माणूस असेल तर पाठीमागे हात नेऊन कुठे सरकायचं ते दाखवतात, थांबायचं असेल तर हात वर. खूण पुढून आली की आपणही मागे द्यायची, नाहीतर साखळी तुटते. हात सोडायची भीती वाटत असेल तर ओरडायचं. "खड्डा!" एवढं पुरतं. मी पहिले दोन महिने नुसता ओरडतच होतो आणि कुणी हरकत घेतली नाही.

आणखी एक. उभं राहून पायडल मारायला सीटवरून उठताना सायकल किंचित मागे येते. मागे कुणी असेल तर त्याच्या चाकाला धक्का लागतो. उठण्यापूर्वी पायडलवरचा जोर न सोडता, उलट किंचित वाढवत उठायचं.

संथगती

किती मनापासून लिहिताय सगळे. एकेक प्रतिसाद दोन-दोनदा वाचला. घड्याळावर पाहिलं, सपाटीवर खरंच २०-२१ ने चालवत असते मी! क्लबला फोन केला. नवशिक्यांची वेगळी राईड असते, ३५ किमी, सपाटीवर २० च्या आत. स्वीप असतो. पिवळीसायकलचा प्रश्नही विचारला. फोनवरच्या बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "असं ठरवलेलं नाही आम्ही. पण तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे, मी स्वतः लक्ष ठेवीन." त्यांच्या थांबण्यावरून फोन ठेवणार होते, पण नंतरचं वाक्य खरं वाटलं. जाते.

बरोबर काय घेऊ? आणि त्यांनी "इव्हेंट" असंही काही म्हटलं, दोनशे किलोमीटरचं. ते काय असतं? दोनशे??

साठीनंतर

हेल्मेट. मागचा लाल दिवा, उजेड असला तरी. एक जास्तीची ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप. ट्यूब आपल्याच चाकाच्या मापाची आणि आपल्याच व्हॉल्व्हची हवी, दुसऱ्याची उसनी बहुतेक वेळा बसत नाही. पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा शोधा, तो तसाच राहिला तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. कागदाच्या तुकड्यावर घरचा नंबर आणि रक्तगट लिहून खिशात ठेवा. निघण्यापूर्वी हवा, ब्रेक, चेन, एवढं पाहून घ्या. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं, त्या मर्यादेत राहा.

पिवळीसायकल

पॅडवाली शॉर्ट्स घ्या, आणि त्याच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि शिवणीने मांड्या सोलवटून निघाल्या होत्या. वरून सैल पॅन्ट घातलीत तरी चालेल, फोटोतल्यासारखं दिसायची काही गरज नाही.

रात्रपाळी

दोनशेचं मी सांगतो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

त्याला ब्रेव्हे म्हणतात. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, वाटेत कंट्रोल पॉइंट, तिथे कार्डावर नोंद. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. खाणं, बसणं, पंक्चर, डुलकी, सगळं त्यातच. म्हणजे ताशी साधारण १५. ही शर्यत नाही, निकालात पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेच्या आत आलेला प्रत्येक जण सारखाच. एका मोसमात २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण केलं की सुपर रँडोनिअर म्हणतात. या सगळ्याच्या टोकाला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहे, १२०० किमी, कमाल ९० तास. १८९१ मध्ये ती शर्यत म्हणून सुरू झाली, आता दर चार वर्षांनी होते. शेवटची २०२३ ला झाली.

या धाग्यावर जो वाद चाललाय तो ब्रेव्हेच्या जगात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलाय. सुरुवातीला या लांबच्या राईड, त्यांना ऑडॅक्स म्हणत, ग्रुपनेच व्हायच्या, पुढे एक कप्तान, त्याने ठरलेला वेग धरायचा, कुणी त्याच्यापुढे जायचं नाही. ती पद्धत आजही काही ठिकाणी जिवंत आहे, वेग ताशी साडेबावीस. मग १९२१ मध्ये ऑडॅक्स क्लब पॅरिसियनने वेगळी वाट धरली: वेळमर्यादा सगळ्यांना एक, वेग ज्याचा त्याचा. आज जगभर चालणाऱ्या ब्रेव्हे या दुसऱ्या वाटेच्या आहेत. मला दोन्ही पटतात. दिवसा मी माझ्या वेगाने जातो. रात्री दोन वाजता, डोळे मिटायला लागले की, पुढे एक लाल दिवा हलताना दिसावा आणि आपण त्याला गाठून काही न बोलता शेजारी चालवावं, त्यासारखं सुख नाही.

संथगती, वेगाच्या दृष्टीने तुम्ही २०० च्या वेळेत बसता. कमी पडेल ते सीटवर बसायची सवय आणि खाण्याची शिस्त. शरीरातला साखरेचा साठा सलग मेहनतीत दीड-दोन तासांत खाली यायला लागतो. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, थोडं थोडं, पहिल्या तासापासून. पण घाई करू नका. आधी ५०, मग ८०, मग १००. आणि त्याआधी एका ब्रेव्हेला कंट्रोल पॉइंटवर स्वयंसेवक म्हणून बसा. शेवटच्या अर्ध्या तासात येणाऱ्यांचे चेहरे बघा. मी तसाच सुरू झालो होतो.

संथगती

मंडळी, जाऊन आले!! सविस्तर लिहिते.

पावणेसहाला पोचले तर चौदा जण होते. सहा बायका. एकीची सायकल बिनगिअरची, पुढे टोपली असलेली. ते पाहून अर्धी भीती तिथेच गेली. फोनवरच्या बाईंनी खुणा दाखवल्या, सायकली तपासल्या, आणि विचारलं, "नवीन कोण?" मी हात वर केला. उलटावारा यांनी इतकं लिहूनही, निघताना मी आपोआप शेवटी जाऊन उभी राहिले. का कोण जाणे.

आणि अगदी तसंच झालं. पहिल्या सिग्नलनंतर पळावं लागलं, दुसऱ्या वळणानंतर पुन्हा. सहाव्या किलोमीटरला धाप लागली होती, वेग बघितला तर २५! म्हणे सपाटीवर २० च्या आत. स्वीप दादा शेजारी आले, म्हणाले, "तुम्ही पुढे या, इथे दमाल." त्यांनी मला बाजूने पुढे नेलं आणि लीडच्या मागे घातलं. त्यानंतरची राईड जणू वेगळीच होती. १९, १९, १९. काटा हललाच नाही. श्वास जागेवर आला, मग आजूबाजूला दिसायला लागलं. एकलासायकली, एक खंड्या दिसला, तारेवर. तुमची आठवण झाली.

पुढच्याचं चाक बघायचं नाही, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचं, हे लीडने सांगितलं. चाकाकडे टक लावली की मान अवघडते आणि पुढचं काही कळत नाही.

चढ दोन किलोमीटरचा होता. शेवटून दुसरी आले. टोपलीवाल्या ताई मध्येच उतरून चालत आल्या, त्यांच्याबरोबर स्वीपही उतरून चालत आले. सायकल हातात धरून, गप्पा मारत. त्या वर पोचल्या तेव्हा काही पोरं हेल्मेट घालायला लागली होती. फोनवरच्या बाईंनी घड्याळ वर केलं आणि म्हणाल्या, "अजून दहा मिनिटं. आत्ता आल्यात त्या." कुणी काही बोललं नाही. हेल्मेटं परत खाली ठेवली. टोपलीवाल्या ताई भिंतीला टेकून बसल्या, पाणी प्यायल्या, कुणाला काही कळलंही नाही. मला मात्र पिवळीसायकल आठवून एकदम डोळ्यांत पाणी आलं.

चूकही झाली. पाणी प्यायचं विसरलेच. दीड तासात दोन घोट. बाटली काढायला हात सोडावा लागतो ना, ते ग्रुपमध्ये जमेना. शेवटच्या पाच किलोमीटरला डोकं ठणकत होतं. यावर काय करू?

साठीनंतर

एकटी असताना रिकाम्या रस्त्यावर सराव करा. आधी नुसता हात बाटलीपर्यंत न्या आणि परत आणा, न बघता. चार दिवस तेवढंच. मग बाटली काढून परत ठेवा. महिन्याभरात जमतं. तोवर लीडला सांगा, दर अर्ध्या तासाने पाण्यासाठी मिनिटभर थांबा म्हणून. चौदा जणांत तहानलेले आणखी निघतील.

एकलासायकली

खंड्या दिसला हे ऐकून बरं वाटलं. लीडच्या मागे, दोन सायकली अंतर ठेवून, असं मी कधी चालवलंच नाही. दोन्ही वेळा मीही शेवटीच होतो.

उलटावारा

आमच्याकडेही काल दहा मिनिटं थांबायच्या नियमाची पहिली राईड झाली. एकाने कुरकुर केली. परतताना तोच म्हणाला की आज उरलेल्या अंतरात एकदाही कुणासाठी थांबावं लागलं नाही. खरंच लागलं नाही. शेवटचा विश्रांती घेऊन निघाला की तो पुढे टिकतो, एवढी साधी गोष्ट सात वर्षं माझ्या लक्षात आली नव्हती.

नुसतीवाचक

मी पण फोन केला आज. आमच्या भागातला क्लब वेगळा आहे. नवशिक्यांची राईड महिन्यातून एकदाच असते, पुढची तीन आठवड्यांनी. नाव दिलं. तोवर बाटलीचा सराव.

पिवळीसायकल

संथगती, तुमचा तो चढाचा परिच्छेद मी आईला वाचून दाखवला.

तुम्ही मला निरोपातून कळवलेला क्लब माझ्या घरापासून १२ किमीवर आहे. म्हणजे राईडला जाऊन येणं धरून ५९ होतील, माझ्यासाठी बरंच आहे. जाताना सायकल गाडीत टाकून नेईन म्हणते. येताना बघू.

काल टायरवरून बोट फिरवलं, दीड वर्ष उभी असताना कडेला भेगा पडल्या होत्या. टायर बदलले. ट्यूब घेतली, व्हॉल्व्ह जुळवून पाहिला. रविवारी पावणेसहाला असेन. लीडच्या मागे तुम्ही असाल तर तुमच्यामागची जागा माझी.